जुन्या घराच्या भिंतीवर नवा रंग टिकत नाही. खाली नेमकं काय आहे ते कसं ओळखायचं?

ओटीवरची:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

वाईत मधल्या आळीत आमचं सासरचं घर आहे. आजेसासऱ्यांनी १९३०च्या आसपास बांधलेलं. तळमजल्याच्या भिंती दीड-दीड फुटी, आत भाजकी वीट आणि माती, वरून चुन्याचा गिलावा. वरचा मजला लाकडी. तीस वर्षं ठाण्यात बँकेत काढली आणि निवृत्तीनंतर गेल्या वर्षी आम्ही दोघं इकडे मुक्कामाला आलो. माजघर (१० बाय १४ फूट) आणि स्वयंपाकघर दिवाळीच्या आत रंगवून हवंय, कारण लेक येणार आहे आणि तिच्याबरोबर तीन वर्षांचा नातू.

आता दुखणं. चार वर्षांपूर्वी घर बंद असताना आम्ही ठाण्यात बसून, फोनवरच, एका ठेकेदाराकडून खालचा मजला रंगवून घेतला. पुट्टी, प्रायमर, वर दोन हात प्लॅस्टिक पेंट. फोटोत झकास दिसत होतं. पहिल्या पावसाळ्यानंतर फुगे आले, दुसऱ्यानंतर पोपडे. आता कुठलाही पोपडा धरून ओढला की पुट्टीसकट हातभर तुकडा सायीसारखा निघून येतो. त्याच्या पाठीला गुलाबी भुकटी चिकटलेली असते.

परवा मी घरातलं उलथनं घेऊन दाराशेजारी थोडं खरवडून पाहिलं. वरून खाली असे थर लागले: क्रीम रंगाचा प्लॅस्टिक पेंट, पांढरी पुट्टी, मग गुलाबी (बोटाला लागतो), मग निळसर पांढरा, तोही एकच नाही, वहीच्या पानांसारखे पातळ पातळ बरेच थर, आणि शेवटी राखाडी, गुळगुळीत, टणक असं काहीतरी. जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत मात्र गुलाबीच्या जागी बाटलीसारखा हिरवा चकचकीत रंग आहे. हा हिरवा काही ठिकाणी असा घट्ट बसलाय की उलथनं वाकलं, आणि खाली कोपऱ्यात मात्र चिकट, मऊ झालाय. मागच्या भिंतीला खालचे अडीच फूट बारमाही ओल असते.

स्वयंपाकघरात अजून एक गंमत आहे. तिथे १९७८पर्यंत चूल होती. कितीही रंग द्या, चुलीच्या वरच्या भागात महिन्याभरात तपकिरी डाग पुन्हा वर येतो.

प्रश्न असे: हे सगळे थर काय आहेत? सगळे काढावे लागतील का? आणि इथला एक रंगारी म्हणतोय की ग्राइंडरला घासायची चकती लावून एका दिवसात भिंत कोरी करून देतो. करू द्यावं का?

(जाता जाता: जुन्या खिडक्यांच्या चौकटी वाळवीने गेल्या होत्या, त्या काढून मागच्या पडवीत बंबासाठी रचून ठेवल्यात. तेवढाच दिवाळीच्या अंघोळींचा प्रश्न सुटला.)

फ्लॅटधारक:

ताई, इतका विचार कशाला? सगळा जुना गिलावा पाडा, सिमेंटचा नवा करा, त्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल घाला, वर पुट्टी आणि चांगला पेंट. वीस वर्षं बघायला नको. माती-चुन्यात पैसे घालू नका.

कुंचाकाका:

ताई, साताऱ्यात चाळीस वर्षं रंगकाम केलंय, आता गुडघ्यांनी रजा दिलीय. वरच्या भाऊंचं ऐकू नका एवढं आधी सांगतो, का ते नंतर कुणीतरी सांगेल.

तुमच्या पोपड्याच्या पाठीला गुलाबी भुकटी येते म्हणता ना, तिथंच उत्तर आलं. प्लॅस्टिक पेंट भिंतीला चिकटलेलाच नव्हता. तो चिकटला होता डिस्टेंपरला, आणि डिस्टेंपर कुणालाच चिकटलेला नव्हता. जुना डिस्टेंपर म्हंजे काय असतंय? खडूची पूड, रंग आणि सरस. पाकिटातनं यायचा, पाण्यात कालवायचा, कुंच्यानं मारायचा. स्वस्त आणि दिसायला मऊ, झाक छान. पण सरस ओलीनं मरतो आणि मग नुसती खडूची भुकटी राहते. तिच्यावर पुट्टी लावणं म्हंजे पीठ लागलेल्या परातीला स्टिकर लावणं. त्या ठेकेदारानं आधी एक ओला फडका फिरवून बघितला असता तर तुमचे पैसे वाचले असते.

खालचा निळसर पांढरा म्हंजे चुना, नीळ घातलेला. दिवाळीला नाहीतर घरात कार्य निघालं की एक हात, म्हणून पानं पानं लागतेत. आणि राखाडी टणक म्हणता तो घोटलेला चुन्याचा गिलावा. तो तुमच्या घराचा खरा माल. त्याला हात लावू नका.

माझ्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः बघा. प्रत्येक भिंतीवर डोळ्याच्या उंचीला आणि गुडघ्याच्या उंचीला एकेक खिडकी करा. म्हंजे चार-पाच इंचाचा पट्टा घ्यायचा आणि ब्लेडनं पायऱ्या पाडायच्या, प्रत्येक थर इंचभर उघडा राहील अशा. मग एकेका पायरीची परीक्षा. कोरडा तळवा फिरवा, कोणता थर हाताला लागतो? मग गरम पाण्यात भिजवलेला फडका अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुसा. सरसाचा डिस्टेंपर असेल तर बुळबुळीत होऊन फडक्यावर उतरणार. ऑइलबाउंड, म्हंजे तेल घातलेला डिस्टेंपर असेल तर थोडा रंग देईल पण धुऊन जाणार नाही. मग सुताराकडं पॉलिशला असतंय ते स्पिरिट कापसावर घेऊन चोळा. प्लॅस्टिक पेंट मऊ पडून चिकचिक होतो, ऑइलपेंटला काही होत नाही. शेवटी ब्लेडनं फुली मारून त्यावर सेलोटेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपला जो थर आला तो तुमचा चोर.

आणि बोटाच्या पेरानं सगळी भिंत ठोकत जा. टणटणीत वाजली तर गिलावा धरून आहे. बद्द वाजली तिथं खडूनं गोल करून ठेवा.

नियम एकच बघा: चोर सापडेपर्यंत खरवडायचं, त्याच्या खाली जायचं नाही. गुलाबी सगळा गेला पाहिजे. निळसर चुना धरून असेल तर त्याला ओल्या फडक्यानं पुसा आणि राहू द्या. लोक उत्साहानं विटेपर्यंत जातेत आणि मग रडतेत.

ग्राइंडर अजिबात नको. एकतर चकती चुन्याचा गिलावा लोण्यासारखा खाते, भिंतीत खळगे पडतेत. दुसरं म्हंजे धुरळा. त्यावर कुणी शिकलेलं माणूस बोलेल तर बरं.

रसायनवाली:

कुंचाकाका, मी बोलते. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे बोलायची खोड आहे.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते कंसातल्या वाक्याने. त्या चौकटी बंबात घालू नका. कृपा करून आजच त्या तिथून हलवा.

कारण असं. जुन्या तेली रंगांमध्ये शिसं असायचं. पिवळ्यात लेड क्रोमेट, हिरव्यात तोच पिवळा निळ्यात मिसळलेला, पांढऱ्यात शिशाचा सफेता, आणि रंग लवकर वाळावा म्हणून घालायच्या द्रव्यातसुद्धा. खिडकीच्या गजांना लावायचा केशरी-लाल प्रायमर बऱ्याचदा शिशाचाच असे. आपण मारुतीला लावतो तो पारंपरिक शेंदूर म्हणजे तेच संयुग. घरगुती रंगांत ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, ही सक्तीची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. तुमचा बाटली-हिरवा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्यात शिसं असेलच असं रंगावरून सांगता येत नाही, पण आहे असं धरूनच चालायचं.

शिसं जळून नाहीसं होत नाही. थोडं धुरातून जातं, बाकीचं राखेत उतरतं. आणि बंबाच्या राखेचं आपण काय करतो? भांडी घासतो, आळूच्या वाफ्यात टाकतो. म्हणजे रंग भिंतीवर होता तेव्हा जितका धोका नव्हता, त्याहून जास्त आपण स्वतःच्या हाताने पानात वाढून घेतो.

चकतीचं तेच. न निघालेला, धड बसलेला तेली रंग भिंतीवर गुमान असतो. त्याची कोरडी धूळ केली की ती फटीत, गाद्यांवर, जमिनीवर बसते. तीन वर्षांचं मूल जमिनीवर खेळतं आणि हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या आतड्यातून शिसं मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात शोषलं जातं आणि मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. सुरक्षित म्हणावी अशी पातळी जागतिक आरोग्य संघटनेलासुद्धा सांगता आलेली नाही.

म्हणून हिरव्याला हात लावायचा असेल तर कायम ओला ठेवून. फवाऱ्याची बाटली घ्या, भिजवा, पत्र्याने खरवडा, पुन्हा भिजवा. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, शेजारच्या खोलीच्या दाराला ओली चादर लावा. साधा रुमाल नको, एन ९५ मास्क हवा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि तो फडका पुन्हा वापरायचा नाही. ब्लो लँप किंवा गॅसच्या ज्योतीने रंग जाळून काढायची पद्धत आहे, ती तर मुळीच नको, वाफ थेट नाकात जाते. निघालेला रंग पिशवीत बांधून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. खात्री हवी असेल तर पोपड्याचा तुकडा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत शिसं तपासायला देता येतो. पुण्यात सोय होईल.

एक बारीक गोष्ट राहिली. कुणीतरी तुम्हाला सांगेलच की लिंबाचा थेंब टाका, फसफसलं तर चुना. ते अर्धंच खरं आहे. भिंतीवरचा जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट झालेला असतो आणि डिस्टेंपरमधला खडूही तेच. दोन्ही फसफसतात. दोघांतला फरक गरम पाणीच सांगेल.

आणि तो कोपऱ्यातला चिकट हिरवा: तिथे साबण झालाय. गंमत नाही करत. ओल असलेल्या चुन्याच्या भिंतीत अल्क म्हणजे अल्कली असतो, रंगात जवसाचं तेल. अल्क आणि तेल एकत्र आलं की साबण.

ओटीवरची:

मॅडम, चौकटी हलवल्या. वाचून झाल्यावर लगेच उठले. ह्यांनी आधीच दोन फळ्या फोडून ठेवल्या होत्या, त्याही गोळा केल्या, पडवी ओल्या फडक्याने पुसली. सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर टाकलंय. गजसुद्धा. माझ्या सासूबाई त्याच राखेने आयुष्यभर भांडी घासत होत्या हे मनातून जात नाहीये, पण ते असो.

परीक्षा केल्या. दोन्ही खोल्यांत मिळून नऊ खिडक्या पाडल्या. स्पिरिटच्या वासाने शेजारच्या वहिनी दोनदा डोकावून गेल्या.

क्रीम: स्पिरिटने च्युइंगमसारखा झाला. गुलाबी: गरम पाण्याने साफ उतरला, फडका गुलाबजल सांडल्यासारखा. सेलोटेपलाही तोच आला, आठ ठिकाणी. म्हणजे चोर ठरला. निळसर पांढरा: पाण्याने हलला नाही, कोरडा तळवा फिरवला तर किंचित पांढरा लागतो. हिरवा: स्पिरिटला दाद नाही. लिंबू: सगळीकडे फस्स, मॅडम म्हणाल्या तसंच.

ठोकून पाहिलं तर माजघराच्या तीन भिंती टणटणीत आहेत. मागची भिंत खालून अडीच-तीन फूट जवळजवळ सगळी बद्द, आणि हिरव्याच्या फटींतून पांढरा खार फुटलाय, जिभेला लावला तर खारट (हो, लावला. हिरव्याला नाही, खाराला. मॅडम, रागावू नका).

दाराशेजारी गुलाबी धुतल्यावर चुन्यावर पेन्सिलीने लिहिलेले तीन आकडी फोन नंबर निघाले. टेलिफोन तिथेच असायचा. ह्यांना त्यातले दोन कुणाचे ते अजून पाठ आहेत!

आता मागच्या भिंतीचं काय करू?

वाडेवाला:

नमस्कार काकू. मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात असतो, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघायला तुमच्याकडे येणं होतं, त्यामुळे तुमच्या आळीतून बऱ्याचदा गेलोय.

आधी मला सांगा, मागच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काय आहे? माती, फरशी की कोबा?

ओटीवरची:

कोबा. २०११ साली मीच मागे लागून घालून घेतला होता, अंगणात चिखल नको म्हणून. भिंतीला अगदी टेकून आहे. आणि बाहेरून खालचे तीन फूट सिमेंटचा गिलावा, तोही तेव्हाच केलाय. का हो?

वाडेवाला:

कारण तुमची ओल तिथून सुरू होते.

माती-चुन्याची भिंत पाणी अडवत नाही. ती पाणी घेते आणि सोडते. पावसाळ्यात पायथ्यातून थोडं वर चढतं, दिवाळीनंतर दोन्ही अंगांनी सुकतं. ८० वर्षं हे चाललं होतं. तुम्ही बाहेरून कोबा आणि सिमेंट घातलं, आतून खाली तेली रंग होताच, चार वर्षांपूर्वी वर प्लॅस्टिक पेंटही आला. भिंतीला बाहेर पडायला दारच उरलं नाही, म्हणून पाणी आणखी वर चढतं. त्याच्याबरोबर विरघळलेले क्षार येतात, आणि पाणी जिथून कसंबसं निसटतं तिथे ते रंगाच्या पाठीमागे स्फटिक होऊन बसतात. स्फटिक वाढताना गिलावा आतून ढकलतो. तुमची बद्द भिंत म्हणजे ते.

फ्लॅटधारकांचा सल्ला नव्या विटेच्या, सिमेंटच्या घराला कदाचित चालेल. इथे आतूनही सिमेंट केलंत तर ओल पाच फुटांवर जाईल आणि पुढे लाकडी तुळयांच्या टोकांना लागेल. तुळईचं टोक भिंतीत कुजलं की काय खर्च येतो ते मी लिहीत नाही, दिवाळी तोंडावर आहे.

माझ्या मते क्रम असा ठेवा. बाहेर भिंतीलगतचा फूटभर रुंद कोबा फोडा, तिथली माती थोडी खोल काढा आणि खडी भरा. पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडत असतील तर पन्हाळ लावा. सिमेंटचा गिलावा बाहेरून सुटत असेल तितका काढा, हट्टाने विटा फोडून नको. आतल्या बद्द भागात हिरवा रंग खरवडत बसूच नका. तो गिलाव्यासकटच येईल. भिजवून भिजवून, मोठ्या ढलप्यांत काढा, धूळ करू नका. ओल जिथवर दिसते त्याच्या वर फूटभर जा. विटा उघड्या झाल्या की कोरड्या ब्रशने क्षार झाडा, गोळा करा, बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, नाहीतर ते पुन्हा आत जातील.

आणि मग थांबा. ही एक भिंत दिवाळीत उघडीच राहील. मार्चपर्यंत सुकू द्या, मग चुना-वाळूचा गिलावा. दीड फुटी भिंत चार आठवड्यांत सुकत नाही, कुणी कितीही फुंकर घातली तरी.

बाकी तीन भिंतींवर हिरवा जिथे टणक आहे, ओल नाही, तिथे माझ्या हिशोबाने तो राहू दे. ओल्या पॉलिश पेपरने फक्त चमक मोडा, वर रंगाचा थर देऊन झाकून टाका.

कुंचाकाका:

शेवटच्या मुद्द्याला माझी एक पुस्ती. हिरव्यावर चुना धरणार नाही. चुन्याला पिणारी जमीन लागते, काचेवर चुना बसतो का? त्यामुळे खाली साडेतीन फूट वेगळा पट्टा ठेवावा लागेल. पूर्वी होता तसाच की. तिथं आताचा बिनशिशाचा ऑइलपेंट द्या, वर चुना. पट्ट्याच्या कडेला दोरी मारून एक गेरूची रेघ ओढा, सांधा दिसत नाही.

स्वयंपाकघराचा डाग म्हंजे धुराचं डांबर. ते पाण्याच्या रंगात विरघळून वर येतं, म्हणून दरवेळी फसता. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून भिंत घासा, दोनदा, मग साध्या पाण्यानं. तरी डाग राहिला तर तेवढ्याच जागी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून एक हात मारा. ती डाग कोंडते. पण लाखेवरही चुना नीट धरत नाही, म्हणून तेवढ्या तुकड्याला वर साधा रंग चुन्याच्या झाकेला मिळवून द्यावा लागेल. सगळी भिंत लाखेनं माखू नका.

आता चुना. पिशवीतली तयार पूड मिळते, चालते, पण कळी, म्हंजे न भिजवलेल्या चुन्याचे खडे, मिळाली तर कळीच घ्या. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी सोडायची. कळीवर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. प्लॅस्टिकची बादली तर नकोच, पाणी उकळायला लागतं आणि बादली बसते. डोळ्याला चष्मा लावूनच. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, नळाखाली धरून भरपूर पाणी आणि सरळ डॉक्टर. निदान आठवडाभर मुरू द्या, मग फडक्यातनं गाळा आणि दुधाइतका पातळ करा. चिमूटभर नीळ फडक्यात बांधून फिरवा. काही लोक फेविकॉल घालतेत, मी बाहेरच्या भिंतीला सुद्धा घालत नाही.

भिंत आधी पाण्यानं ओलवायची. पहिला हात आडवा, दुसरा उभा. जाड लावायचा मोह आवरा, जाड चुना तडकतो. लावताना काहीच दिसणार नाही, वाटेल पाणीच मारतोय. दुसरा हात मारायला घाई करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

फ्लॅटधारक:

आमच्या फ्लॅटला हे काहीच लागत नाही म्हणून मी तसं लिहिलं. तुळयांचं लक्षात आलं नव्हतं. काकू, चुन्याने कपड्यांना पांढरं लागतं मात्र, ते बघा.

ओटीवरची:

पाच आठवड्यांनी हजेरी लावते आहे, उशीर झाला.

प्लॅस्टिक पेंट आणि पुट्टी आम्ही दोघांनीच काढली, तीन दिवसांत, रुंद पत्र्याने. जवळजवळ सगळी आपणहून आली. चार वर्षांपूर्वीचे पैसे पोत्यांत भरून दारात ठेवल्यासारखं वाटलं. गुलाबी धुणं हेच खरं कष्टाचं काम निघालं. पाणी दर दहा मिनिटांनी बदलायचं, नाहीतर तीच भुकटी पुन्हा भिंतीवर बसते. आठ दिवस गेले. माझा उजवा खांदा अजून बोलतोय. जिथे मी कंटाळून घाई केली होती, खिडकीच्या वर, तिथेच चुना पापुद्रे धरून सुटला. परत धुतलं, परत लावला.

कोबा फोडायला माणूस मिळाला. खालची माती अक्षरशः चिखल होती, दसरा होऊन आठवडा झाला होता तरी. मागची भिंत उघडी केली आहे, ढलपे भिजवून काढले, पिशव्या बांधून ठेवल्या आहेत. विटांमध्ये मधूनमधून माती बोटाने निघते. वाडेवाला, फोटो पाठवते, बघून सांग. ह्या भिंतीपुढे दिवाळीत मोठा पाट उभा करून त्यावर चादर टाकणार आहे आणि नातवाची झोपायची सोय वरच्या मजल्यावर केली आहे, तिकडे आम्ही काही खरवडलेलं नाही.

पोपड्याचा तुकडा पुण्याला तपासायला दिला होता. शिसं निघालं. आकडा इथे लिहीत नाही, मर्यादेच्या खूप वर होता एवढं पुरे. टणक भागावरचा हिरवा वर नवा रंग देऊन झाकला. दोरी मारून गेरूची रेघ ह्यांनी ओढली. एका भिंतीवर ती जरा चढावर गेली आहे, पाहुण्यांना सांगायचं नाही असं ठरलंय.

चुन्याचा पहिला हात मारला त्या रात्री मी खरंच निराश झाले होते. भिंत ओली, डागाळलेली, करडी. ह्यांना म्हटलं, एवढं करून शेवटी पाणीच मारलं आपण. सकाळी साडेसहाला उठून माजघरात गेले तर दिवा न लावता दिसत होतं. तीन हात झालेत आता. फोन नंबरांवरून पण चुना मारला, आधी फोटो काढून घेतला.

स्वयंपाकघरात सोड्याने पहिल्यांदा धुतलं तेव्हा चहासारखं पाणी निघालं. लाख दोन हातभर जागेपुरती लावली. महिना झाल्यावर कळेल.

काका, एक शेवटचं विचारायचं राहिलं. अर्धं पोतं कळी उरली आहे. मार्चच्या गिलाव्याला होईल म्हणून ओल लागू नये असा पत्र्याचा डबा शोधला, त्यात भरून झाकण घट्ट लावून ठेवलंय. चालेल ना?

कुंचाकाका:

ताई, आधी ते झाकण काढा. जरा जरी ओल आत गेली तरी कळी फुलते आणि तापते, डबा फाटतो. लाकडाजवळ ठेवला असेल तर आणखी वाईट.

आत्ताच भिजवून टाका. वर सांगितलं तसं, पाण्यात थोडी थोडी, चष्मा लावून. निवाली की गाळून मातीच्या रांजणात भरा, वर चार बोटं पाणी कायम राहू द्या आणि झाकून ठेवा, नातवाचा हात पोचणार नाही अशा जागी. पाणी आटलं की घालत जा. मार्चपर्यंत लोण्यासारखा होतोय. तुमच्या गिलाव्याला विकतचा तसा मिळायचा नाही.